अंकी व अक्षरी

महसूल खात्यात छत्तीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसास शून्याची जेवढी धास्ती असते तेवढी ती एखाद्या गणितज्ञासही नसावी. पावतीवर '५००' असा आकडा काढल्याबरोबर त्याच्या शेपटीला एक तिरपी व एक आडवी रेघ ओढून त्याचे तोंड बंद करावयाचे, खाली 'अक्षरी रुपये पाचशे' असे सुवाच्य लिहून त्यापुढे 'फक्त' या शब्दाचे कुलूप ठोकावयाचे, आणि एवढा बंदोबस्त झाल्यावरही सही करण्यापूर्वी कागद एकवार उजेडाकडे धरून पाहावयाचा, हा माझा नित्यक्रम सेवानिवृत्तीच्या दिवसापर्यंत चुकला नाही. कारण अंकाच्या मागे शून्य उगवावयास पाऊसपाणी लागत नाही, हे आमच्या पिढीतील प्रत्येक कारकुनाने एकदा तरी पाहिलेले असे. "एकच रक्कम दोनदा कशाला लिहायची?" असे कचेरीत नव्याने दाखल झालेला प्रत्येक उमेदवार विचारी, आणि त्यास मी दरवेळी एकच उत्तर देई की, बाबा रे, ती एकच रक्कम नव्हे, अंकी असते ती बेरजेसाठी, अक्षरी असते ती भांडणासाठी. चलनक्षम दस्तऐवजांचा १८८१ चा कायदाही माझ्याच पक्षाचा आहे. धनादेशावर अंकी एक रक्कम आणि अक्षरी निराळीच लिहिली असेल, तर अक्षरी लिहिलेली तीच खरी धरावी, असे त्याच्या अठराव्या कलमात स्वच्छ नमूद केलेले आहे.

सांगावयाचा मुद्दा असा की, अंकी आणि अक्षरी यांतील भेद मला कोणी शिकवावा अशी वस्तुस्थिती नव्हती. तथापि तो वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ऐन मे महिन्याच्या उकाड्यात, नववीत जाणाऱ्या माझ्या नातीकडून मला नव्याने शिकावा लागला. तिच्या शाळेने सुट्टीतील उपक्रम म्हणून 'घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीस कोडिंगची ओळख करून देणे' असे काहीसे काम लावून दिले होते. आमच्या घरात ज्येष्ठ व्यक्ती दोन. पैकी सौभाग्यवतींनी, "मला कुरडया घालायच्या आहेत," या बिनतोड कारणावर अंग काढून घेतले. सबब उरलो तो मी.

ज्या भाषेत माझे शिक्षण सुरू झाले तिचे नाव पायथन. हे नाव अजगरावरून पडले असावे अशी माझी समजूत होती आणि ती मी बोलूनही दाखवली. परंतु नातीने खुलासा केला की, गिडो व्हॅन रॉसम नावाच्या एका डच गृहस्थाने १९९१ साली ही भाषा जगापुढे ठेवली, आणि तिचे नाव त्याने कोणत्याही सरपटणाऱ्या प्राण्यावरून न घेता, माँटी पायथन या इंग्रज विनोदी मंडळींच्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमावरून घेतले. विनोदी कार्यक्रमाचे नाव धारण करणारी ही भाषा स्वभावाने मात्र जुन्या शिरस्तेदारासारखी आहे. ती हसत नाही, अदमास बांधत नाही, आणि 'साहेबांना काय म्हणायचे असेल' याचा विचार करण्याची जबाबदारी ती मुळीच पत्करत नाही.

पहिला प्रोग्रॅम चार ओळींचा होता. यंत्राने माझे वय विचारावे, त्यात एक मिळवावा आणि पुढच्या वर्षी माझे वय किती होईल ते सांगावे, एवढेच. पुढच्या वर्षी माझे वय किती होईल हे सांगताना ज्योतिषीही हल्ली जरा घुटमळतो; यंत्र बेधडक सांगणार म्हणून मी सरसावून बसलो, ७८ असे टंकले आणि कळ दाबली. पडद्यावर तांबड्या अक्षरांत पाच-सहा ओळींचा मजकूर उमटला. त्याचे कचेरीच्या मराठीत भाषांतर करावयाचे तर ते असे होईल: 'अक्षरी मजकुरास अक्षरी मजकूरच जोडता येईल, अंकी जोडता येणार नाही.'

"स्ट्रिंग आहे ती, आजोबा," नात म्हणाली.

"कोणती?"

"तुम्ही टाकलेलं अठ्ठ्याहत्तर. तो नंबर नाहीये. सात आणि आठ नुसते शेजारी उभे आहेत."

मी म्हटले, हरकत नाही. अठ्ठ्याहत्तर जर अक्षरी असेल, तर मिळवावयाचा एकही अक्षरीच करून टाकू, म्हणजे दोघेही एका जातीचे झाल्याने तक्रारीस जागा राहणार नाही. नातीने ओठ दाबून माझ्या सूचनेची बरहुकूम अंमलबजावणी केली. यंत्राने या वेळी एका शब्दाचीही कुरकुर न करता, पुढच्या वर्षी माझे वय ७८१ होईल, असे जाहीर केले. शेजारी उभ्या असलेल्या सात-आठांच्या पलीकडे एक जाऊन उभा राहिला होता. स्वयंपाकघरातून चिकाचा झारा हातात घेऊनच सौभाग्यवती बाहेर आल्या, पडदा वाचला, आणि "अहो, म्हणजे अजून सातशे वर्षं दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला रिक्षानं जायचं का?" एवढेच विचारून आत गेल्या.

यात दोष कोणाचा, याची चौकशी केली असता असे निष्पन्न झाले की, दोष आवक टपालाच्या टेबलाचा आहे. यंत्रात कळफलकावरून जे काही शिरते ते घेण्यासाठी 'इनपुट' नावाची एक योजना आहे, आणि आत आलेली प्रत्येक वस्तू ही कागद होय, एवढेच ती जाणते. आत आकडा आहे, नाव आहे की शिवी आहे, हे पाहणे तिचे काम नव्हे. नातीस हा प्रकार मूर्खपणाचा वाटतो. मला तो अत्यंत शहाणपणाचा वाटला. या भाषेच्या जुन्या आवृत्तीत इनपुट असे नव्हते. आलेला मजकूर ते स्वतः वाचून पाही, आकडा असेल तर आकडा समजे आणि हुकूम असेल तर चक्क तो बजावीत असे. आवक कारकुनाने लिफाफे फोडून त्यांतील पत्रांप्रमाणे परस्पर कारवाई सुरू केली तर तालुक्याचे काय होईल याची कल्पना ज्यास आहे, त्यास २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ही पद्धत का मोडीत काढली हे निराळे सांगावयास नको.

तेव्हा अक्षरीचे अंकी करावयाचे झाले तर तसा रीतसर हुकूम द्यावा लागतो. त्या हुकमाचे नाव 'इंट'. दुसऱ्या दिवशी मी कोणाच्या मदतीवाचून प्रोग्रॅम लिहिला, मध्ये एक स्वतंत्र ओळ घालून 'इंट' आणि कंसात वय असे लिहिले, आणि निर्धास्तपणे कळ दाबली. तोच तांबडा मजकूर. हुकूम दिलेला स्पष्ट दिसत असता त्याचा अंमल होऊ नये, हे कचेरीतील अनुभवाशी सुसंगत असले तरी यंत्राकडून मला अपेक्षित नव्हते.

"आजोबा, तुम्ही कन्व्हर्ट केलंत," नात म्हणाली, "पण ठेवलंत कुठे?"

या प्रश्नात जो अर्थ भरलेला आहे तो समजावयास मला चहाचा एक कप लागला. इंट हा मूळ कागदास हात लावत नाही. तो मूळ कागद वाचतो, त्यावरून अंकी अशी एक नवी नक्कल तयार करतो, आणि ती पुढे करून उभा राहतो. ती नक्कल घेऊन तुम्ही एखाद्या नावाच्या फायलीत लावली तर ठीक, नाहीतर ती जाते केरात आणि मूळ अक्षरी कागद जागच्या जागी असतो. वय बरोबर इंट, कंसात वय, असे लिहिले म्हणजे 'वय' या नावाची चिठ्ठी जुन्या कागदावरून काढून नव्यास बांधली जाते. हे उमगल्यावर माझा या भाषेविषयीचा आदर एकदम वाढला. मोडीतील सनद बाळबोधीत उतरवून घेतली म्हणून मूळ सनद काही बाळबोध होत नाही, हे आमच्या दप्तरखान्यात येणाऱ्या खातेदारांस तासन् तास सांगावे लागे. रूपांतर म्हणून ज्यास म्हणतात त्यात वस्तूचे रूप पालटत नसते, आणखी एक कागद निर्माण होत असतो.

इंट काय स्वीकारतो आणि काय नाकारतो, याची मी पुढे काही दिवस कसून तपासणी केली, कारण ज्या अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करावयाचे त्याच्या आवडीनिवडी आधी जाणून घ्याव्यात, हा नोकरीचा पहिला धडा होय. आकड्याच्या मागेपुढे कोरी जागा राहिली तर तो ती मुकाट्याने पुसून घेतो. परंतु '१,००,०००' असे स्वल्पविराम घालून दिले की त्याचे डोके फिरते. '५००/-' हे माझे छत्तीस वर्षांचे ब्रीद त्याने झिडकारले. '५०० फक्त' यासही त्याने तांबडी शाई दाखविली. सुरक्षिततेसाठी आम्ही आकड्याभोवती जे जे कुंपण घालीत आलो ते ते त्यास अडगळ वाटते. त्यास आकडा उघडाबोडका हवा.

मग एके दुपारी, घरात सर्वजण झोपले असता, मी एक आगळीक केली. कळफलक मराठीवर नेला आणि वयाच्या जागी देवनागरीत ७८ असे लिहिले. तांबड्या अक्षरांची मी वाटच पाहत होतो. पडद्यावर उत्तर आले, एकोणऐंशी. तेही इंग्रजी अंकांत, पण अचूक. मी नातीस झोपेतून उठवले. तिच्या पुस्तकात ही गोष्ट नव्हती, त्यामुळे प्रथम तिचा विश्वास बसेना. नंतर तिने एकाच आकड्यात सात मराठी आणि आठ इंग्रजी असे घालून पाहिले, तेही चालले. प्रोग्रॅमच्या मूळ मजकुरात देवनागरी आकडा उघड लिहाल तर तो व्याकरणदोष ठरतो. पण बाहेरून अक्षरी कागद म्हणून आलेला आकडा, मग तो कोणत्या का लिपीतील असेना, इंट ओळखतो. अक्षरांच्या जागतिक नोंदवहीत इंग्रजी पाच या चिन्हाचा बिल्ला नंबर ५३ आहे आणि आपल्या '५' चा २४११. दोघांपैकी एकाच्याही बिल्ल्यावर पाच नाही, आणि तरी दोघेही विचारले असता 'पाच' असेच सांगतात. मी त्या संध्याकाळी दोन वेळा चहा मागितला आणि दोन्ही वेळा मिळाला.

अपूर्णांकांच्या प्रांतात शिरल्यावर मात्र माझी ही खुशी ओसरली. आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी घोकून वाढलो. साडेतीनास 'औट' असे स्वतंत्र नाव देणारा आणि त्याचा पाढा मुलांकडून पाठ करून घेणारा आमचा समाज अपूर्णांकास कधी तुच्छ लेखीत नव्हता. यंत्राच्या दरबारात अपूर्णांकांसाठी 'फ्लोट' नावाचे निराळे खाते आहे, आणि त्या खात्यातील इसम इंटकडे वर्ग झाला की त्याचा दशांश चिन्हापुढील भाग तेथेच कापून ठेवला जातो. तीन पूर्णांक नऊ दशांश असो, इंट म्हणणार तीन. नात हे सांगत होती तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एकामागून एक अनर्थ उभे राहत होते. पेशवाईतील साडेतीन शहाणे घ्या: सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पुरे, आणि अर्धे ते नाना फडणवीस. इंटच्या हातून यादी गेली की नाना फडणवीस गळाले. शक्तिपीठांतून वणीची सप्तशृंगी गेली. मुहूर्तही साडेतीन आहेत, तेव्हा त्यांतील अर्ध्यावर घेतलेले सोने सराफास परत करावे लागणार. दीडशहाण्यास मात्र या व्यवहारात लाभ आहे, कारण इंटमधून बाहेर पडताना तो नुसता शहाणा होऊन निघतो. कर्जदारांसही हरकत नाही. वजा साडेतीनाचे इंट वजा चार करीत नाही, वजा तीनच करतो, म्हणजे अर्धे कर्ज माफ.

यावर उपाय म्हणून 'राउंड' आहे, असे नात म्हणाली. राउंड जवळच्या पूर्णांकाकडे नेतो. साडेतीनाचे चार करून तो नानांस सबंध शहाणा बनवितो. मला बरे वाटले. पण अडीच घालून पाहिले तर उत्तर आले दोन. बरोबर मधोमध उभा असलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे ढकलावयाचा, असा त्याचा नियम असल्याचे कळले. सदैव वरच ढकलले तर मोठ्या हिशेबात बेरीज हळूहळू फुगत जाते, ती फुगू नये म्हणून ही तोड. युक्ती न्याय्य आहे, हे कबूल. पण बुद्धिबळातील घोडा अडीच घरांऐवजी दोन घरे चालू लागला तर काय करावयाचे, याचा विचार ती काढणाऱ्याने केलेला दिसत नाही.

येथे मला १९५७ सालची एक गोष्ट आठवते. त्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या तारखेस रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. मुहूर्त पाहून लोकांनी आधी ती थट्टाच मानली होती. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात. सव्वासहा पैशांचे नाणे नसल्याने कोष्टकात एक आणा म्हणजे सहा, दोन आणे म्हणजे बारा, तीन आणे म्हणजे एकोणीस आणि चार आणे म्हणजे पंचवीस नवे पैसे अशी बैठक बसविली होती. मी त्या वेळी दहा वर्षांचा. पंचवीस नव्या पैशांच्या जिनसेसाठी मूठभर घामेजलेले चार सुटे आणे घेऊन मी वाण्याच्या दुकानात गेलो. वाण्याने एकेक आणा फळीवर ठेवीत मोजले: सहा, बारा, अठरा, चोवीस, आणि एक पैसा कमी म्हणून जिन्नस मागे ओढली. मी रडत घरी आलो. वडील पंचा खांद्यावर टाकून माझ्याबरोबर निघाले, चारही आणे एका हाताने एकदम फळीवर ठेवले आणि वाण्यास म्हणाले, "शेटजी, आधी बेरीज, मग रूपांतर." वाण्याने कोष्टकाकडे पाहिले आणि जिन्नस पुढे सरकवली. हा मंत्र मी पुढे सर्व नोकरीत कसोशीने पाळला. आणि आता नात म्हणते, वयाच्या हिशेबात तुमचे चुकते ते हेच. आधी रूपांतर, मग बेरीज.

दशमान पद्धतीवर यंत्राचा राग आहे, हेही याच ओघात उघडकीस आले. एक दशांश आणि दोन दशांश यांची बेरीज त्यास विचारली तर ते तीन दशांश सांगून थांबत नाही. पुढे पंधरा शून्ये मांडून सतराव्या स्थानी एक चार ठेवते. कारण असे की, यंत्र दोनाच्या पटीत मोजते, त्यामुळे अर्धा, पाव, अष्टमांश, षोडशांश हे त्यास चोख मांडता येतात, पण दशांश मांडू म्हटले तर तो कधी संपतच नाही, जसा आपल्याला एक तृतीयांश दशांशांत मांडता येत नाही तसा. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. रुपयाचा सोळावा हिस्सा म्हणजे आणा आणि चौसष्टावा हिस्सा म्हणजे जुना पैसा, हे दोन्ही यंत्रास पैसुद्धा न चुकता कळतात. कळत नाही तो नवा पैसा. जगातील सर्वांत अद्ययावत समजले जाणारे हे यंत्र अंतःकरणाने ३१ मार्च १९५७ च्या पुढे आलेलेच नाही. माझ्या वडिलांचे आणि त्याचे फार जमले असते.

खरे-खोटे ठरविण्यासाठी 'बूल' म्हणून एक खाते आहे. त्याचा निवाडा असा की, शून्य खोटे, कोरा कागद खोटा, आणि बाकी अक्षरी जे जे असेल ते सगळे खरे. तुम्ही कागदावर 'खोटे' असा शब्द लिहून दिलात तर तोही खरा. कारण कागदावर काहीतरी लिहिलेले आहे. अक्षरी '०' हेसुद्धा खरेच. नातीला यात भयंकर विसंगती दिसते. मी तिला सांगितले की, दरमहा आमच्या कचेरीतून वर जी विवरणपत्रे जात, त्यांत ज्या रकान्यात सांगण्यासारखे काही नसे तेथे आम्ही 'निरंक' लिहीत असू. आणि वर ज्या खात्यात ती जात तेथे रकान्यात काही लिहिलेले आहे की नाही एवढेच पाहिले जाई. कोरा रकाना असला तर स्मरणपत्र येई. 'निरंक' असले की माहिती प्राप्त.

सगळीच यंत्रभाषा अशी करडी असते असे नाही. नातीचा थोरला भाऊ ज्या जावास्क्रिप्टमध्ये काम करतो ती ब्रेंडन आइक याने १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत उभी केली, आणि घाईने भरती केलेल्या कारकुनाप्रमाणे ती कोणासही नाही म्हणत नाही. अक्षरी पाचात अंकी तीन मिळवा म्हटले तर ती त्रेपन्न देते, आणि अक्षरी पाचातून अंकी तीन वजा करा म्हटले तर दोन देते. दोन्ही वेळा चेहरा तितकाच हसतमुख. फोरट्रान नावाची भाषा, जी योगायोगाने नव्या पैशाच्याच वर्षी ग्राहकांच्या हाती आली, ती तर नावाच्या आद्याक्षरावरून जात ठरवी: इंग्रजी आय पासून एन पर्यंतच्या अक्षराने नाव सुरू झाले की तो पूर्णांक, एरवी अपूर्णांक. चू, चे, चो, ला म्हणजे अश्विनी नक्षत्र, असे सांगणाऱ्या आमच्या गुरुजींस यात वावगे काही वाटले नसते.

रकाना अपुरा पडल्याने काय होते याचेही एक उदाहरण नातीने ऐकविले, आणि ते ऐकून मला रात्री नीट झोप लागली नाही. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून 'एरियान ५' हा नवा कोरा अग्निबाण पहिल्यांदाच सोडण्यात आला. आडव्या वेगाशी निगडित असा एक ऐसपैस अपूर्णांक त्यातील यंत्रणेने सोळा बिटांच्या पूर्णांकात उतरवू पाहिला; त्या रकान्यात ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही, आणि आलेला आकडा त्याहून मोठा होता. हा प्रोग्रॅम आधीच्या 'एरियान ४' वरून जसाच्या तसा उचललेला, आणि त्या मंद गतीच्या बाणास हा रकाना नेहमीच पुरून उरत असे. उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत अग्निबाण आणि त्यावरील चार उपग्रह आकाशातच नष्ट झाले. मागच्या सालची नोंदवही नव्या सालास वापरण्याची काटकसर मीही अनेकदा केली आहे. आमच्याकडे रकाना अपुरा पडला की आकडा समासात लिहीत.

अखेरची परीक्षा घरातच झाली. जूनच्या एक तारखेस गवळ्याचा हिशेब द्यावयाचा होता. रोजचे सव्वा लिटर, महिनाभर खाडा नाही, दर बासष्ट रुपये. एरवी हा हिशेब सौभाग्यवती भिंतीवरच्या कॅलेंडरापुढे उभ्या राहून करतात. या वेळी तो यंत्राने करावा असा मी आग्रह धरला. पहिल्या प्रयत्नात, तूर्त रोजचे एक लिटर धरून, आलेल्या दराला एकतीसने गुणावे असे लिहिले, आणि दर इनपुटमधून अक्षरीच आलेला आहे हे विसरलो. अक्षरी मजकुरास एकतीसने गुणणे म्हणजे तो एकतीस वेळा ओळीने लिहिणे, अशी पायथनची समजूत आहे. पडद्यावर बासष्टापुढे बासष्ट असे एकतीस वेळा उमटले. लीलावतीत भास्कराचार्यांनी एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. आमचे दुधाचे बिल बासष्ट स्थानांचे होते. उरलेल्या चव्वेचाळीस स्थानांना काय म्हणावे हे कोणासच ठाऊक नसल्याने ते बिल मोठ्याने वाचता आले नाही.

दुसऱ्या प्रयत्नात मी आधी रूपांतर, मग बेरीज हा नातीचा नियम इतक्या भक्तीने पाळला की, रोजच्या रोज सव्वा लिटराचे इंट करून मग एकतीस दिवसांची बेरीज घेतली. बिल आले एक हजार नऊशे बावीस. गवळी ओसरीवर बसलाच होता. मी पैसे मोजू लागलो.

"थांबा," सौभाग्यवती म्हणाल्या. "एकतीस सव्वे पावणेएकोणचाळीस. तुम्ही एकतीसच लिटरचे देताय. त्याचं पावणेआठ लिटर दूध काय तुमच्या यंत्रानं प्यालं?"

मग नातीने दर आणि माप दोन्ही प्रथम फ्लोटमध्ये आणले, सर्व बेरीज-गुणाकार तेथेच उरकला, आणि पूर्णांकाकडे अगदी शेवटी वळली. पडद्यावर २४०२.५ असे आले. वडील असते तर त्यांनी खांद्यावरचा पंचा नीट केला असता. शेवटच्या ओळीत राउंड होता. त्याने अडीचाचे दोन करण्याच्या आपल्या शिरस्त्यास अनुसरून २४०२ असा आकडा दिला. सौभाग्यवतींनी पडद्याकडे न पाहता गवळ्याच्या हातावर दोन हजार चारशे तीन ठेवले आणि त्या कुरडया उलटावयास गच्चीवर गेल्या.

आता राहिले ते नातीच्या शाळेचे विवरणपत्र. त्यात ज्येष्ठ व्यक्तीने स्वहस्ते भरावयाचा एक रकाना आहे: 'शिकताना काही अडचणी आल्या असल्यास'. मी पेन काढून, छत्तीस वर्षांच्या सवयीने, वळणदार अक्षरांत 'निरंक' असे लिहिले.

"आजोबा!" नात ओरडली. "आता ते ट्रू झालं!"

तिचे म्हणणे, खोडून रकाना कोरा ठेवावा. कोरा रकाना सोडून सही मी आजवर कधी केलेली नाही. शाळा पंधरा तारखेस उघडते. तोवर ते विवरणपत्र माझ्या उशीखाली आहे.